एका स्प्रेवर घर आणि गाडी दोन्ही भागतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहायला पुण्यात, मूळ घर चिपळूणजवळ, दारात सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. घरातल्या बिजागऱ्या, कुलपं, खिडक्यांचे ट्रॅक, पंखा आणि गाडीचे दरवाजे, काचा, जमलं तर ब्रेकच्या पिना, अशी किरकोळ कामं स्वतः करायची आहेत. दुकानदार म्हणतो एक स्प्रे घ्या, सगळ्याला चालतो. मेव्हणे म्हणतात ग्रीसशिवाय काही खरं नाही. ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही निम्मं निम्मं. आधी कारखान्यात मेंटेनन्सला आणि नंतर स्वतःच्या गॅरेजात इतकी वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालंय की लोक वंगण निवडताना फक्त लोखंडाकडे बघतात. लोखंडाला काय, ते जवळपास कुठल्याही तेलावर खूश असतं. बिघडतं ते त्याच्या शेजारचं रबर किंवा प्लास्टिक, आणि बिघडवते ती धूळ. ‘तेल घातलं तरी आवाज येतोच’ म्हणून जी कामं येतात, त्यांत वंगण कमी पडल्याची थोडी आणि नको ते वंगण नको तिथे पोचल्याची जास्त असतात. म्हणून डबा हलवायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. हे उडून कुठल्या रबराला लागणार आहे? त्या जागी धूळ येते की पाणी? आणि लावलेलं तिथेच टिकायला हवं, की काम झाल्यावर उडून गेलं तरी चालेल?

आता तो दुकानदाराचा स्प्रे. डब्ल्यूडी-४० आणि त्याच्या धर्तीचे बाकीचे डबे. हे मूळ १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालं, ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. यातच त्याचा स्वभाव आला. त्यात मोठा भाग पातळ द्रावकाचा आणि थोडा तेलाचा. द्रावक फटीत शिरतो, ओल बाहेर काढतो, जुनं चिकटलेलं तेल विरघळवतो आणि उडून जातो. मागे तेलाचा अगदी पातळ थर उरतो. म्हणजे साफ करायला, पाणी काढायला आणि हलका गंज सोडवायला झकास. पण ज्या जागी रोज घर्षण आणि वजन आहे तिथे तो थर फार दिवस पुरत नाही. उलट आधीचं चांगलं ग्रीस असेल तर तेही धुऊन निघतं. दाराच्या बिजागरीवर मारला की त्याच दिवशी आवाज बंद होतो आणि काही आठवड्यांनी परत सुरू होतो, त्याचं कारण हेच. तो डबा घरात हवाच, पण पहिल्या पायरीसाठी. दुसरी पायरी वेगळ्या डब्यातून येते.

जाम नटांचं आधीच सांगून टाकतो, कारण कोकणातल्या घरी तुम्हाला हेच काम सर्वांत जास्त पडणार आहे. गेटचे बोल्ट, पंपाचं फाउंडेशन, पाण्याच्या टाकीची कडी, सगळं पावसाळ्यात धरतं. त्यासाठी गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून वेगळं मिळतं, ते साध्या स्प्रेपेक्षा आत जास्त मुरतं. पण तेलापेक्षा पद्धत महत्त्वाची. आधी तारेच्या ब्रशने आट्यांवरची खपली काढायची, मग तेल, मग नटाच्या अंगावर हातोडीच्या हलक्या टिचक्या, म्हणजे गंजाला बारीक भेगा पडून तेल आत उतरतं. रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी पुन्हा एकदा तेल. सोडवताना आधी किंचित आवळायचा, सुटल्याचं जाणवलं की मगच उलटा फिरवायचा. पान्याला पाइप लावून एकदम जोर काढला की बोल्टचं डोकं हातात येतं. रॉकेल आणि डिझेलही काही प्रमाणात काम करतात. ॲसिटोनमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, मिसळायची युक्ती तुम्ही ऐकली असेल. ती चालते, पण ॲसिटोन लगेच पेट घेतं आणि रंग व प्लास्टिक खातं, त्यामुळे घरात ती नको. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, तेल मारलेल्या नटाला लगेच गॅसची ज्योत लावायची नाही. उष्णता द्यायचीच असेल तर ती आधी, तेल नंतर, आणि तेही नट निवल्यावर.

घरातल्या लोखंडी बिजागऱ्यांसाठी मी ग्रीसच वापरतो. पिन वर ठोकून बाहेर काढायची, पुसायची, तिच्यावर ग्रीसचा पातळ थर द्यायचा आणि परत घालायची. पाच मिनिटांचं काम, आणि वर्षानुवर्षं आवाज नाही. वरून फवारलेलं तेल पिनेपर्यंत पोचतं थोडं, आणि उरलेलं चौकटीवर ओघळून काळा डाग पाडतं.

कुलपांवर मात्र थोडं थांबायला हवं. पुस्तकी उत्तर असं की कुलपात कधीच तेल घालू नये, ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडा टेफ्लॉनचा स्प्रे वापरावा. पुण्यातल्या फ्लॅटच्या दाराला, सोलापूर-नगरसारख्या धुळीच्या भागात हे शंभर टक्के बरोबर आहे. आतल्या पितळी पिना आणि त्यांच्या बारीक स्प्रिंगा तेलात धूळ मिसळून झालेल्या चिखलात अडकतात आणि मग किल्ली अर्धवट फिरते. पण चिपळूणच्या फाटकावर पावसात लटकणाऱ्या लोखंडी कुलपाला ग्रॅफाइट गंजापासून वाचवत नाही. तिथे धुळीपेक्षा ओल मोठा शत्रू. तिथे मी पावसाळ्याच्या तोंडाशी आधी स्प्रेने आतलं धुऊन काढतो, किल्ली आत-बाहेर करून काळं पाणी निथळू देतो, उन्हात सुकवतो आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडतो. गणपतीनंतर पुन्हा एकदा. दोन्ही मिसळायची चूक तेवढी नको. ग्रॅफाइटवर तेल टाकलं की त्याचा लगदा होतो. पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासणं अडल्या वेळेपुरतं ठीक, पण त्यात चिकणमाती मिसळलेली असते, त्याची पूड करून कुलपात ओतू नका.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या ट्रॅकमध्ये ग्रीस किंवा तेल घालणारे बघितले की मला वाईट वाटतं. नायलॉनच्या चाकांना त्याची गरज नसते आणि ट्रॅकमधली धूळ त्याला चिकटून सँडपेपर तयार होतो. जुन्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने ट्रॅक साफ करा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि सिलिकॉनचा हलका स्प्रे मारा. निम्म्या खिडक्या नुसत्या साफ केल्यानेच सरकायला लागतात. दुकानाच्या शटरचंही तेच. बाजूच्या चॅनलमध्ये ग्रीस भरू नये, ते फक्त वरच्या शाफ्टच्या बेअरिंगला आणि स्प्रिंगांना. लाकडी खिडकी किंवा ड्रॉवर पावसात फुगून अडकत असेल तर साधी मेणबत्ती घासा. साबण घासायची सवय आहे बऱ्याच जणांना, पण तो ओल धरतो.

पंख्याचं वेगळं सांगायला हवं, कारण ‘पंख्यात जरा तेल घाला’ हे वाक्य अजून जिवंत आहे. जुन्या टेबल फॅनमध्ये ब्राँझचे सच्छिद्र बुश आणि त्यांच्याभोवती तेल धरून ठेवणारं फेल्ट असायचं. तिथे पातळ मशीन ऑइलचे चार थेंब खरंच जीव आणतात. छताच्या पंख्यात मात्र बॉल बेअरिंग असतात, बहुतेक ६२०२ किंवा त्याच्या जवळपासचा नंबर, आणि हल्ली ते दोन्ही बाजूंनी बंद येतात. ग्रीस कंपनीतूनच भरलेलं असतं. वरून तेल सोडलं तर ते आत जाण्याऐवजी वाइंडिंगवर, म्हणजे मोटरच्या तारांच्या गुंडाळीवर जातं. आवाज येत असेल तर बेअरिंग बदला. ते स्वस्त असतं, नंबर सांगितला की कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. आणि पंखा नुसता हळू फिरत असेल तर त्याचा वंगणाशी बहुधा संबंधच नसतो. कपॅसिटर गेलेला असतो.

स्वयंपाकघरातली तेलं यंत्रात घालण्याबद्दल. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं. पुण्याच्या डिसेंबरात बाटलीत जे होतं तेच शिलाई मशीनच्या आत होतं. गोडेतेल, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं हवेशी संयोग पावून हळूहळू चिकट होतात आणि शेवटी वार्निशसारखा थर धरतात. आजीच्या काळातल्या शिलाई मशीनचं चाक फिरेनासं झालेलं असेल, तर दहातल्या आठ वेळा आत असलं जुनं तेल असतं. स्प्रेने धुवा, चाक हाताने फिरवत राहा, फडक्याने पुसा आणि मग पांढरं शिलाई मशीनचं तेल घाला. हे पांढरं तेल इतकं पातळ आणि स्वच्छ असतं की घरातल्या निम्म्या हलक्या कामांना तेच पुरतं. कात्री, टेबल फॅन, दाराची कडी, छोटी यंत्रं, सगळ्याला, फक्त जुनं घड्याळ सोडून.

मिक्सरच्या भांड्याच्या बुशला मात्र यातलं काहीच नको. तिथून तेल अन्नात जाऊ शकतं. अन्नाशी संपर्क चालणारं, फूड ग्रेड म्हणून विकलं जाणारं ग्रीसच तिथे चालतं, आणि भांड्याखालून काळं पाणी यायला लागलं असेल तर बुश व सील बदलणं हाच उपाय. नळांचंही तसंच. पाव फेरीत उघडणारा क्वार्टर टर्न नळ जड झाला असेल तर आधी क्षार काढा. पाण्याच्या नळात अनेकदा ईपीडीएम जातीच्या रबराचे ओ-रिंग असतात आणि ते पेट्रोलियम जेलीने फुगतात. तिथे प्लंबिंगसाठीचं सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर येईल एवढंच.

रबराचा हा मुद्दा आता गाडीकडे नेतो. ईपीडीएम म्हणजे पाणी, वाफ आणि ब्रेक फ्लुइड सहन करणारं, पण खनिज तेल अजिबात न सोसणारं रबर. नायट्राइल जातीचं रबर याच्या उलट, तेलात मजेत राहतं. इंजिनची ऑइल सील त्याच्यासारख्या, तेल सोसणाऱ्या रबरांची असतात. नुसतं बघून कुठलं रबर कुठलं हे मलाही ओळखता येत नाही, जागेवरून ओळखायचं. ब्रेकच्या आसपास जे रबर दिसेल ते खनिज तेल न सोसणारं धरून चालायचं. डिस्क ब्रेकचं कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतं, त्या पिनांच्या रबरी बुटांत, म्हणजे धूळ अडवणाऱ्या टोपणांत, कुणी हाताला आलेलं साधं ग्रीस भरलं, तर सुरुवातीला पिन मस्त सरकते. काही महिन्यांत बूट फुगतो, टोकाचं रबर सुजतं आणि पिन धरते. मग एकाच बाजूचा ब्रेक पॅड झिजतो, चाक तापतं, मायलेज पडतं, आणि गाडीवाला म्हणतो की पॅड डुप्लिकेट होते. इथे फक्त ब्रेकसाठी म्हणून मिळणारं सिलिकॉन किंवा सिंथेटिक कॅलिपर ग्रीस. पिना काढताना कुठली वर होती आणि कुठली खाली हे लक्षात ठेवा, काही गाड्यांत दोन्ही वेगळ्या असतात आणि एकीच्याच टोकाला रबर असतं. पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला आणि डिस्कला कुठलंही वंगण लागता कामा नये. लागलंच तर ब्रेक क्लीनर. ब्रेक फ्लुइडच्या डबीत चुकून चमचाभर इंजिन ऑइल गेलं तरी गाडी चालवू नका. मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळं रबर बदलायची वेळ येते. हे काम पहिल्यांदा करताना एखाद्या अनुभवी मेकॅनिकला शेजारी उभं करा. ब्रेक आहेत, बिजागरी नव्हे.

गाडीचे दरवाजे सोपे. बिजागरी, दार अर्ध्यावर धरून ठेवणारी पट्टी आणि लॅच आधी स्प्रेने साफ करून पुसायचे, मग पांढरं लिथियम ग्रीस. ते स्प्रेच्या डब्यातही मिळतं, फवारताना पातळ असतं आणि द्रावक उडाला की घट्ट होतं, म्हणून लॅचच्या आतपर्यंत पोचतं. काच जड वर-खाली होत असेल तर बाजूच्या रबरी चॅनलमधली धूळ ओल्या कापडाने काढा आणि सिलिकॉन स्प्रे. दारांच्या कडेच्या रबरालाही तोच, पण फडक्यावर घेऊन. पत्र्यावर आणि काचेवर उडू देऊ नका. गाडीचा एखादा भाग रंगवायला जाणार असेल तर त्याआधी सिलिकॉन मारायचंच नाही. तो राहिला की रंग तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि पेंटर तुमच्या नावाने शंख करतो.

मेव्हण्यांच्या ग्रीसबद्दल. ग्रीस म्हणजे तेलच, साबणासारख्या दाट पदार्थात धरून ठेवलेलं. स्पंज दाबल्यावर पाणी सुटावं तसं ते दाबाखाली तेल सोडतं. साबण कुठला यावर बरंच ठरतं. जुनं चासिस ग्रीस बहुतेक कॅल्शियमचं असतं. ते पाण्याला चांगलं, पण साधारण १०० अंशांच्या आतच वितळायला लागतं. लिथियमचं १८० अंशांच्या आसपासपर्यंत धरून राहतं, आणि लिथियम कॉम्प्लेक्स त्याच्याही पुढे. म्हणून चाकाच्या बेअरिंगला चासिस ग्रीस चालत नाही. डब्यावरचा एनएलजीआयचा नंबर म्हणजे फक्त घट्टपणा. ००० वाहतं, २ लोण्याइतकं, ३ त्याहून घट्ट. घरासाठी २ किंवा ३ नंबरचं लिथियम ग्रीस एवढं पुरे. रंगावरून काही ठरवू नका, लाल-निळा रंग कंपनी वरून घालते. जुन्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचं ग्रीस चढवू नका. काही जाती एकमेकांत मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात. पुसून काढा, मग नवीन भरा. ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याला, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस लागतं. बूट किटमध्ये पुडी येते, तीच सगळी वापरायची, घरचं थोडं घालून पुडी वाचवायची नाही.

चाकाच्या नटांना ग्रीस लावावं का, हे हमखास विचारलं जातं. नको. गाडीच्या पुस्तिकेतला टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, सहसा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो. तेलकट आट्यांवर तोच टॉर्क दिला की बोल्टवर ताण बराच जास्त येतो. हब आणि रिम जिथे टेकतात तिथे गंज धरत असेल तर ब्रश मारून अँटी-सीझचा, म्हणजे भाग एकमेकांना धरू न देणाऱ्या लेपाचा, पुसट हात द्या, आटे कोरडे ठेवा. बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावायची ती क्लॅम्प घट्ट केल्यावर, वरून.

इंजिन ऑइलबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे मत चालत नाही, पुस्तिका चालते. ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर ‘आपल्याकडे गरम असतं’ म्हणून २०डब्ल्यू-५० घालू नका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलं वाहणं सांगतो आणि नंतरचा गरम इंजिनमधला जाडपणा. आजच्या इंजिनच्या बारीक नळ्या आणि व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा त्या जाडपणावरच बेतलेली असते. तुमची पेट्रोल आहे म्हणून सुटलात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये जिथे काजळी धरणारा फिल्टर असतो, तिथे कमी राख सोडणारं तेलच लागतं, नाहीतर फिल्टर चोंदतो. मोटारसायकल असेल तर कारचं उरलेलं तेल तिच्यात ओतू नका. बहुतेक बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलातले घर्षण कमी करणारे पदार्थ त्याला घसरवू शकतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ बघायचं, ती अशा तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण. चेनला एसएई ८० किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल ब्रशने लावून जादाचं पुसून टाकलं की महागड्या स्प्रेची गरज नाही. ओ-रिंगवाली चेन असेल तर पेट्रोलने धुऊ नका, रॉकेल चालतं.

म्हणजे दुकानात जाऊन पाच गोष्टी घ्या: पाणी हटवणारा तो स्प्रे, सिलिकॉन स्प्रे, पांढरं लिथियम ग्रीस, शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली आणि ग्रॅफाइटची पूड. पेनिट्रेटिंग ऑइल कोकणातल्या घरासाठी सहावं. कॅलिपर ग्रीसची छोटी पुडी ब्रेकचं काम काढाल तेव्हाच. मोठे डबे घेऊ नका, घरात ते संपत नाहीत. स्प्रेचे डबे गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, त्यातला वायू बहुधा ज्वलनशील असतो. चालू मिक्सर किंवा इन्व्हर्टरच्या शेजारीही फवारू नका. आणि घरात आजारी माणसासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह कितीही जड लागला तरी त्याला तेल, ग्रीस, व्हॅसलिन काहीही लावायचं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीशिवायही पेटू शकतं. तो सिलिंडर तसाच परत पाठवून दुसरा मागवा.

गाडीचं काढलेलं काळं तेल गेटच्या चेनला किंवा गोठ्याच्या खांबांना फासायची कोकणात पद्धत आहे, ती तेवढी सोडा. त्यात इंजिनमधली धातूची कीस, आम्लं आणि कातडीला अपायकारक काजळी असते, आणि पहिल्या पावसात ते विहिरीच्या दिशेने निघतं. जुन्या कॅनमध्ये भरा आणि जिथून नवीन तेल घेता त्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडे वापरलेलं तेल उचलणारा माणूस येतच असतो.